अटक नाही, बसा

"मला अटक झाली आहे का?" गोपाळकृष्ण बेहेऱ्यांनी विचारलं.

"छ्या! अटक कसली, काका?" जयसिंग हवालदार चहाची बशी खाली ठेवत म्हणाले. "अटक असती तर आत नसतं का टाकलं? नुसती चौकशी हाय. बसा."

बेहेरे बसले. म्हणजे सकाळपासून ते बसलेलेच होते. मधे फक्त विचारायला म्हणून उठले होते.

'बसा' हा खरं तर त्यांच्याच पोटापाण्याचा शब्द. शनिवार पेठेतल्या एका मंगल कार्यालयाचे ते व्यवस्थापक, आणि आजवर त्यांनी अर्ध्या पुण्याला 'बसून घ्या, बसून घ्या' म्हणत पाटावर बसवलं होतं. पंगतीत बसलेल्या माणसानं शेजाऱ्याचा ताकभात संपेपर्यंत उठू नये, यावर त्यांची देवापेक्षा जास्त श्रद्धा. एकदा जिलबीच्या आधीच उठू पाहणाऱ्या तहसीलदाराला त्यांनी खांदे धरून पुन्हा खाली टेकवलं होतं. अशा माणसाला बेडी लागत नाही. कुणीतरी अदबीनं 'बसा' म्हटलं की तो हलत नाही.

आदल्या दिवशी कार्यालयात एक लग्न झालं आणि वरपक्षाच्या खोलीतून वरमाईंचा तन्मणी नाहीसा झाला. वरमाईंचे धाकटे दीर मंत्रालयात. त्यामुळे एरवी सायकलचोरीची तक्रार घ्यायला तीन दिवस लावणारी चौकी जेवणाच्या पत्रावळी उचलायच्या आत हजर झाली. खोलीची किल्ली बेहेऱ्यांकडे असायची. सकाळी हवालदार आले आणि म्हणाले, "पाच मिनिटं या." बेहेरे चपला घालून निघाले. डबा घ्यायचा राहिला.

बाकासमोरच्या भिंतीवर एक फलक होता : 'अटक केलेल्या व्यक्तीचे हक्क.' अटकेचं कारण सांगावं. नातेवाइकाला कळवावं. वकिलाला भेटू द्यावं. वैद्यकीय तपासणी करावी. चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावं. दुपारपर्यंत बेहेऱ्यांचा फलक पाठ झाला. बेत उत्तम होता; फक्त आमंत्रण नव्हतं.

"हवालदारसाहेब, घरी एक फोन करू का?"

"ते अटकेतल्या माणसाला. तुमी तर पाव्हणे."

दुपारी पाव्हण्यांची बायको आली. बेहेऱ्यांना आतल्या खोलीत मंदाकिनीबाईंचा आवाज स्वच्छ ऐकू आला. "अहो, आमच्यांना इथे आणलंय का? गोपाळकृष्ण बेहेरे."

"न्हाई वैनी, आज कुणालाबी अटक न्हाई. पायजे तर रजिस्टर बघा."

बेहेरे अर्धवट उठले. दारातल्या शिपायानं फक्त तळहात खाली करून दाखवला, वाढप्याला 'पुरे' म्हणून दाखवतात तसा. हाक मारायची तर चारचौघांत बायकोच्या नावानं ओरडायचं. ते आजवर कधी केलेलं नव्हतं. गळ्यातून निघालं ते नुसतं खाकरणं. तेवढ्यात बाहेर चपलांचा आवाज लांब गेला.

मग फौजदार आले. वयानं बेहेऱ्यांच्या मुलाएवढे, इस्त्री कडक.

"काका, आम्हाला तुमच्यावर संशय नाही. खोली पुसायला कोण जातं?"

"तुळजाबाई जाते. पण काल ती दिवसभर मागे भांड्यांवर होती."

"खोलीत जाताना दिसली, एवढं सांगा आणि घरी जा."

"दिसली नाही, तर कसं सांगू?"

थोबाडीत बसली तेव्हा आधी काय झालं ते बेहेऱ्यांना कळलंच नाही. चष्मा टेबलाखाली गेला. जयसिंग हवालदारांनी तो वाकून काढला, शर्टाला पुसला आणि दोन्ही हातांनी परत दिला. कानात बारीक शिट्टी वाजत होती. बेहेऱ्यांची नजर आपोआप फलकावर गेली. वैद्यकीय तपासणी. पण तीही अटकेतल्या माणसाचीच.

"त्या बाईला पाठीशी घालू नका, काका."

आता मात्र बेहेऱ्यांना राहवलं नाही. स्वतःसाठी त्यांना बोलता येत नसे, पण कार्यालयाच्या माणसाबद्दल शब्द टाकायचा तर हयातभराची सवय होती. "अहो साहेब, तुळजाबाई म्हणजे घरचं माणूस! कार्यालयातल्या एकूण एक खोलीत तिचा वावर. बायका आंघोळीला जाताना दागिने उशीखाली ठेवतात, हे तिला माहीत असतं. पण आजवर सुतळीचा तोडा हलला नाही!"

"लिहा," फौजदार लेखनिकाला म्हणाले. "एकूण एक खोलीत वावर. दागिने उशीखाली असतात हे तिला माहीत."

"आणि सुतळीचा तोडा…"

"ते तुमचं मत झालं, काका. आम्ही फक्त माहिती घेतो."

आपण काय बोलून बसलो, ते बेहेऱ्यांच्या ध्यानात आलं. ते उठले. दिवसभरात पहिल्यांदा पूर्ण उठले. "यावर मी सही करणार नाही. काय वाट्टेल ते करा."

मग हवालदार समजुतीच्या सुरात म्हणाले, "सही लागतच न्हाई, काका. साक्षीदाराच्या जबाबावर सही घ्यायची न्हाई, असा कायदाच हाय. तुमच्याच भल्यासाठी केलेला."

"मग मला अटक करा! त्या फलकावर आहे ते सगळं मला द्या!"

"कुठल्या कलमाखाली?" फौजदारांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "तुम्ही तर आमचे साक्षीदार." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. ऊन उतरलं होतं. "आता बाईला आणता येणार नाही. सूर्यास्तानंतर स्त्रीला हात लावायचा नाही, नियम आहे. सकाळी आणू. तोवर काकांना इथेच राहू द्या, नाहीतर जाऊन तिला सांगतील."

रात्र बाहेरच्या खोलीतल्या बाकावर गेली.

सकाळी तुळजाबाईला आणलं. हात अजून राखेचे, ओचा खोचलेला, म्हणजे कामावरूनच उचललेली. फौजदार तिला नुसतंच "थांब गं" म्हणाले आणि आत गेले. "हिला अटक आहे का?" बेहेऱ्यांनी विचारलं. हवालदार म्हणाले, "न्हाई ओ, चौकशी. महिला पोलीस आल्या की घेऊ आत. तुमी मोकळे. जावा घरी."

मोकळे. दार उघडं होतं, बाहेर दूधवाल्यांच्या सायकली चालल्या होत्या. बेहेरे दोन पावलं चाललेही. तेवढ्यात तुळजाबाईनं त्यांना पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम सैल पडला.

"भाऊ! तुमी आलात व्हय? म्या म्हनलं, माझ्यामागं कोन येतंय हितं." मग हवालदाराकडे वळून, जरा ताठ होत, "आमच्या कार्यालयाचे सायब हायेत ह्ये. इचारा त्यांनला, म्या कशी हाय ती."

"इचारलंय," हवालदार म्हणाले.

बेहेरे ती दोन पावलं परत आले आणि बाकाशी उभे राहिले.

"उभं का, भाऊ? कवाधरनं ताटकळलाय माझ्यापायी." तुळजाबाईनं पदराच्या टोकानं बाकावरची धूळ पुसली, एकदा, मग पुन्हा एकदा कोपऱ्यापर्यंत, आणि त्यांच्यासाठी बाक मोकळा ठेवून ती भिंतीशी फरशीवर टेकली.