डिप्लोमा राहिला तो राहिलाच

पूर्णेत स्टेशनजवळ मनिषाताईंची रक्त तपासायची लॅब होती. राजेश्री तिथं आली ती बारावी होऊन, झाडलोटीला. बघता बघता सुई धरायला शिकली. म्हाताऱ्याकोताऱ्यांची दबलेली शीरसुद्धा तिला हाताला लागायची. पुढं पुढं तर लोक तिचंच नाव विचारत यायचे.

एकदा ती म्हणाली, "ताई, परभणीला डीएमएलटीला, लॅबच्या डिप्लोमाला, नंबर लागायलाय माझा. सकाळचं कॉलेज हाय. जाऊ का?"

सकाळ म्हणजे लॅबच्या गर्दीची वेळ. मनिषाताई हसल्या. "तुझ्या हाताला कागद कशाला गं पाहिजे? इथं कोण विचारतंय?"

राजेश्रीला ते कौतुक वाटलं. ती गेली नाही. ते कौतुक नव्हतं, हे मनिषाताईंना तेव्हाच ठाऊक होतं. डिप्लोमा हाती आला की ही पोरगी आपल्याकडं टिकत नाही, एवढंच त्यांच्या मनात आलं होतं.

वर्षं गेली. मनिषाताईंची नजर अधू झाली, लॅब बंद करावी लागली. गावात नवं हॉस्पिटल निघालं होतं. राजेश्रीला घेऊन त्या तिथल्या डॉक्टरांकडं गेल्या आणि तोंडभरून शिफारस केली.

"मॅडम, काम चांगलंच असेल," डॉक्टर म्हणाले. "पण उद्या कोणाला काही झालं तर मी काय दाखवू? आयाची जागा आहे, चालेल का बघा."

राजेश्री हो म्हणाली.

बाहेर रिक्षाची वाट बघताना मनिषाताईंनी कसंबसं तोंड उघडलं. "राजेश्री, त्या वेळी मी तुला..."

"ताई, ऊन लागायलंय तुमाला. सावलीत उभ्या ऱ्हावा."

पावसाळ्यात मनिषाताई तापानं फणफणल्या आणि त्याच हॉस्पिटलात दाखल झाल्या. रक्त घ्यायला एक नवी पोरगी आली. राजेश्री खोलीत फरशी पुसत होती.

"माझं रक्त राजेश्रीला घेऊ दे," मनिषाताई म्हणाल्या.

"मला परवानगी न्हाई, ताई," राजेश्री पुसता पुसता म्हणाली. आवाजात राग नव्हता.

नव्या पोरीनं पहिल्याच टोचणीत शीर धरली. ती चुकायला हवी होती, असं मनिषाताईंना वाटून गेलं आणि त्या मनाशीच ओशाळल्या. राजेश्रीनं बादली उचलली आणि ती शेजारच्या खोलीत गेली.