होल्डवरची लाइन

पूर्वाने चौथा स्क्रू सोडवला आणि गिटारच्या पेडलच्या तळाचा पत्रा नखाने अलगद उचलला. पेडल तिने टेबलावर एका बाजूवर उभं केलं होतं, वरचा लाल दिवा दिसत राहावा म्हणून. पत्रा सुटला तरी दिवा तसाच होता. मघापासून धरून ठेवलेला श्वास तिने सोडला.

"चालू आहे ना?" पलंगाच्या कडेवर बसलेल्या बाबुराव ओव्हाळांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"चालू आहे, काका."

"नाही, लाइट नाहीये म्हणून म्हटलं."

गुरुवार होता. विश्रांतवाडीची लाइट दहालाच गेली होती, ती आता दुपार कलल्याशिवाय येणार नव्हती. पेडल इन्व्हर्टरवर चाललं होतं आणि त्या इन्व्हर्टरवर पूर्वाचा विश्वास नव्हता. आल्याआल्या तिने नऊ व्होल्टची एक बॅटरी पेडलला वेगळी जोडून ठेवली होती. इन्व्हर्टर बंद पडलाच, तर अर्धा-पाऊण तास तरी निभावलं असतं.

"आधी तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत गेलो होतो," बाबुराव म्हणाले. "दुकानदाराला म्हटलं, बंद न करता दुरुस्त करायचंय. तर म्हणतो, मग आजोबा, घरापासून इथपर्यंत वायर ओढत आणा. सिग्नलला तेवढं थांबा."

त्याच दुकानात कुणीतरी त्यांना पूर्वाचा नंबर दिला होता. इलेक्ट्रॉनिक्समध्ये एमएस्सी झाल्यापासून ती खराडीतल्या भाड्याच्या खोलीत गिटारवाल्यांची पेडलं दुरुस्त करत असे. कुणाच्या घरी जात नसे. पण फोनवर म्हातारा म्हणाला होता, "मॅडम, लाइन होल्डवर आहे, तोडता येत नाही." तिने सांगितलं होतं की त्याला लाइन नाही, लूप म्हणतात. "तुम्ही लूप म्हणा," ते म्हणाले होते, "पण या."

डिले पेडलचं काम तसं साधं असतं. गिटारचा आवाज आकड्यांत बदलून मेमरीत ठेवायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा बाहेर सोडायचा. होल्डचं बटण दाबलं की लाल दिवा लागतो आणि शेवटचे दोन सेकंद तेवढे गोल फिरत राहतात. वीज आहे तोवर. वीज क्षणभर जरी गेली तरी मेमरी कोरी होते, आणि कोऱ्या मेमरीतून काही परत आणणारी विद्या पूर्वाला कुणी शिकवली नव्हती. ती नव्हतीच.

पेडलच्या एका बाजूने केबल निघून कोपऱ्यातल्या गिटारमध्ये गेली होती. गिटार स्टँडवर होती, तारांवर धूळ नव्हती.

"चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमासाठी चाल बसवत होता आमचा अभय," बाबुराव म्हणाले. "सोळा फेब्रुवारी. रविवार. खालून मित्राने हाक मारली. यानं हे बटण दाबलं आणि म्हणाला, अप्पा, बंद करू नका हं, होल्डवर ठेवलंय, आलोच." त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "आळंदी रोडला डंपर होता."

पूर्वाने स्क्रू मोजून वाटीत ठेवले. चारच होते, पुन्हा मोजायची गरज नव्हती.

"चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात होतो, ताई. सुरुवातीची वर्षं ट्रंक कॉल जोडायच्या बोर्डावर. होल्डवरचा माणूस बोलत नसला तरी लाइनवर असतो. त्याची पिन काढायची नाही. काढली की मेमो." मग स्पीकरच्या खोक्याची, ॲम्पची, केबल उचलून त्यांनी तिचं चकचकीत टोक तिला दाखवलं. "आणि ही पिन बघा. आमच्याच बोर्डाची. पोराने गिटार आणली तेव्हा म्हटलं, अरे, हे तर आमचं सामान."

"तिथूनच आलीय ती," पूर्वा म्हणाली. "गिटारवाल्यांनी तुमच्याकडून घेतली."

ते पहिल्यांदाच जरासं हसले.

रोज सकाळी सातला ते ॲम्पची पिन पेडलमध्ये लावत, तीन मिनिटं ऐकत आणि काढून ठेवत. एक ट्रंक कॉल तीन मिनिटांचा. मग वहीत नोंद. शनिवारी पिन लावली, तर काहीच ऐकू आलं नाही. दिवा मात्र चालू.

पूर्वाने ॲम्प पेडलच्याच एक्स्टेन्शन बोर्डात लावला आणि केबलच्या उघड्या पिनेला बोट टेकवलं. ॲम्प घुमला. म्हणजे ॲम्प ठीक, केबल ठीक. मग तिने एका कानात इअरफोन घातला. त्याच्या वायरीला तिने सुईसारखी टोकदार कांडी जोडलेली होती. सर्किटवर जिथे टेकवू तिथला आवाज कानात येई. बाहेर जायच्या सॉकेटवर कांडी टेकवली. शांत. एक पाऊल मागे, सॉकेटच्या डागाच्या, म्हणजे सोल्डरच्या जोडाच्या, अलीकडे.

आवाज आला.

"सापडलं?" बाबुरावांनी विचारलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं.

"सॉकेटचा डाग सुटलाय. रोज पिन घालून काढून."

"म्हणजे आत आहे?"

"आत आवाज आहे."

हे तिने मोजून सांगितलं होतं. आत आवाज होता. सहा तारांवरून वरून खाली फिरलेला एक हात, सावकाश, आणि शेवटी एक बारीक टिक्. पुन्हा हात, पुन्हा टिक्. पूर्वाने डोळे मिटून ऐकलं. सगळ्या तारा मोकळ्या होत्या. एकाही तारेवर बोट दाबलेलं नव्हतं. चाल बसवणारा माणूस असा हात फिरवत नाही. गिटार कधी हातात न घेतलेला माणूस फिरवतो. आणि ती टिक्. गिटारला खोलीतलं बोलणं ऐकू येत नाही, तारेला जे लागतं तेवढंच कळतं. तारेला काहीतरी हलकं, कडक लागलं होतं.

तिने डोळे उघडले. दारात बाबुरावांची बायको, शालनकाकू, चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. एका हाताने ट्रे छातीशी टेकवून त्यांनी दुसऱ्या हाताने त्याच हातातल्या काचेच्या बांगड्या कोपराकडे सरकवून घट्ट धरल्या होत्या, वाजू नयेत अशा.

बाल्कनीतून इन्व्हर्टरची शिट्टी सुरू झाली.

"पाणी संपलं असेल बॅटरीतलं. मी बघतो. तुम्ही हात नका थांबवू," म्हणत बाबुराव लगबगीने गेले.

काकूंनी चहा टेबलावर ठेवला. पूर्वाकडे न बघता म्हणाल्या,

"ऐकलंत?"

"हो."

"अभयच्या पुण्यानुमोदनाचा दिवस होता. घरात पन्नास माणसं. कुणीतरी मिक्सर लावायला हा प्लग काढला. बघितलं तर दिवा गेलेला." त्यांचा आवाज अगदी खाली होता. "मी प्लग लावला. तरी दिवा लागेना. मग त्या तारांवरून हात फिरवला आणि बटण दाबलं. लागला. वाटलं, दिवा आला म्हणजे आतलं पण आलं असेल."

पूर्वाला उत्तर माहीत होतं आणि ते एका शब्दाचं होतं. तिने चहाचा कप उचलला.

"दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी पिन लावली. ऐकलं. म्हणाले, आहे गं, लाइन आहे. मग काय सांगू? तुम्हीच सांगा." काकूंनी पदराने टेबलावरचा नसलेला डाग पुसला. "रोज सकाळी तिथं बसतात. मी इथं उभी असते. माझाच हात ऐकायचा आणि गप्प बसायचं. शनिवारी बंद पडलं ना, तर मला... सुटल्यासारखं झालं. आईला असं वाटावं का?"

"यात भरायचं पाणी कुठंय गं?" बाल्कनीतून हाक आली.

"कपाटाखाली, निळ्या कॅनमध्ये!" काकूंनी नेहमीच्या आवाजात ओरडून सांगितलं आणि त्या आत गेल्या. बांगड्या आता वाजल्या.

पूर्वाने बॅटरीवर चालणारं सोल्डरिंग आयर्न तापवलं. चालू सर्किटवर डाग द्यायचा नसतो, हे ती स्वतः शिकायला येणाऱ्या कॉलेजच्या मुलांना सांगत असे. हात एक मिलिमीटर घसरला तर सगळं संपणार होतं, आणि क्षणभर तिला वाटलं, घसरू द्यावा. कुणाला दोष लागला नसता. घरातली दोन माणसं सुटली असती. किंवा सुटली नसती. हे मोजायचं कसं, ते तिला येत नव्हतं. तिने मनगट टेबलाला टेकवलं आणि डाग दिला. तो नीट बसला, गोल, चमकदार.

बाबुराव ओले हात पुसत आले. तिने पत्रा बसवला, चारही स्क्रू आवळले, आणि पिन लावायचा मान त्यांना दिला. त्यांनी ती एका झटक्यात, सरळ, न बघता बसवली. आयुष्यभर तेच काम केल्यासारखी.

खोलीत हात फिरला. टिक्. हात फिरला. टिक्.

बाबुराव घड्याळाकडे बघत होते. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. पूर्वाने मनात भागाकार केला. तीन मिनिटं म्हणजे नव्वद वेळा. तिने नव्वदही ऐकल्या.

"तीन मिनिटं झाली," ते स्वतःशीच म्हणाले आणि त्यांनी पिन काढली. मग उशाखालून एक लांबट वही काढली, तिच्यात एक ओळ भरली आणि ती पूर्वापुढे ठेवली. "इथं तुमच्या हाताने लिहा. काय बिघडलं, काय केलं. आणि शेवटी लिहा, लाइन तुटली नाही. खाली सही."

पहिल्या दोन गोष्टी तिने लिहिल्या. तिसरीपाशी पेन थांबलं. जे मोजून पाहिलं नाही ते लिहायचं नाही, आणि खोटं आहे हे माहीत असलेलं तर नाहीच, एवढा एक नियम ती पाळत आली होती. वेळ काढायला तिने मागची पानं चाळली.

रेघा पट्टीने आखलेल्या. तारीख, वेळ, लाइनवर कोण, शेरा. पहिल्या पानावर सतरा फेब्रुवारी, सात वाजता, अभय, बरोबरची खूण. अठराला अभयच्या जागी दोन टिंबं, म्हणजे वरीलप्रमाणे. एकोणीस, वीस, टिंबं. तेवीस तारखेला शेऱ्यात फुली. तिच्यापुढे बारीक, नीटस अक्षरात : लाइन तुटली.

चोवीस फेब्रुवारी, सात वाजता. लाइनवर कोण, शालन. बरोबरची खूण.

त्याखाली टिंबं. पूर्वाने पान उलटलं. टिंबं. मार्च, एप्रिल, चौदा एप्रिललाही टिंबं, मे, सगळा पावसाळा. शनिवारपासूनच्या सहा ओळींत वेळ आणि रेघ. आणि आजच्या दुपारच्या ओळीत, तिने जिथे लिहायचं होतं त्याच्या अगदी वर, ते मघाशीच लिहून बसले होते. टिंबं नव्हती, पुन्हा पूर्ण नाव लिहिलं होतं : शालन.

तिने मान वर केली. बाबुराव स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते.

"काकूंनी ही वही..."

"ती माझ्या वहीला हात लावत नाही," ते हळू म्हणाले. "आणि मी तिला विचारत नाही. लिहा, ताई."

पूर्वाने तारीख तपासली. चोवीस फेब्रुवारीपासून आजपर्यंत. मग तिने लिहिलं, लाइन तुटली नाही, आणि खाली सही केली.

आत भांडी पुन्हा वाजू लागली होती. बाबुरावांनी वही उशाखाली सरकवली, ते उठले आणि त्यांनी फडक्याने गिटारच्या तारांवरून एकदा हात फिरवला. दिवा चालू होता. होल्डवर असल्यामुळे पेडलने ते ऐकलं नाही.