नवव्या दिवशी काढलेले टेकू

त्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाचा प्याला हातोहात फिरायचा, आणि देणारा घेणाऱ्याला विचारायचा, "आपल्यात काही आहे का?" घेणाऱ्यानं "नाही" म्हणायचं आणि प्यायचं. काही असलंच, तर ते मिटेपर्यंत प्याला तिथंच थांबायचा. एकदा दोन सख्ख्या जावांमध्ये तो असा अडला, की म्हणे लोकांचे जेवणाचे डबे देवळात आले, एका पोराचे दुधाचे दोन दात बाकावरच पडले आणि मागच्या रांगेत एक लग्नही जमलं. पण खोटं "नाही" म्हणून कुणी प्याला तोंडाला लावला नाही, हा मंडळीचा तोरा.

याच मंडळीत एक गवंडी होता. इतका सरळ, की सगळे त्याला ओळंबाच म्हणत. वाकडी भिंत त्याला येताना बघून गुपचूप सरळ होते, असं त्याची बायको सांगायची, आणि ती काही नवऱ्याचं कौतुक करत सुटणारी बाई नव्हती.

हा ओळंबा गेले तीन महिने बहिऱ्या सुताराला खेटून बसत होता. सुतार प्याला पुढे करून विचारी, ओळंबा नुसते ओठ हलवी आणि पिई. खोटं बोललो नाही, असं तो स्वतःला बजावी. मग प्याला घाईनं पुढे देई.

कारण होतं खिडकीवरचा एक छज्जा. ओला स्लॅब टेकूंवर चौदा दिवस ठेवायचा असतो. पण पुढच्या खिडकीला टेकू हवे होते आणि नवे टेकू मागायला साइटवरच्या साहेबांपुढे तोंड वेंगाडायचं ओळंब्याच्या जिवावर आलं. नवव्या दिवशी, सगळे जेवायला गेलेले बघून, त्यानं टेकू काढले. अकराव्या दिवशी छज्जा खाली आला. खाली कुणी नव्हतं, ही देवाची कृपा. साहेब कडाडले, "माल कच्चा होता. कुणी कालवला?" माल कालवला होता ओळंब्याच्या मेहुण्यानं. त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं. ओळंबा एक शब्द खोटा बोलला नाही, कारण तो एक शब्दही बोलला नाही.

आणि आज सुतार सर्दीनं घरी होता. त्याच्या रिकाम्या जागेवर मेहुणा येऊन बसला.

"सरका जरा, दाजी. किती पसरलाय."

ओळंबा सरकला. त्याला वाटलं, उठावं, पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर जावं. पण बायको पलीकडून वाट अडवून बसली होती, आणि तिला ओलांडून जाणं म्हणजे डोंगर ओलांडणं. प्याला चौथ्या रांगेत आला. "आपल्यात काही आहे का?" "नाही." पाचवी रांग. मेहुणा प्यायला, पदराएवढ्या मोठ्या रुमालानं त्यानं कड पुसली आणि वळला.

"दाजी, आपल्यात काही आहे का?"

ओळंब्यानं ओठ हलवले.

"ऐकू नाही आलं."

"आपण सगळेच पापी आहोत," ओळंबा पुटपुटला. "चुका कुणाच्या होत नाहीत?"

"सगळ्यांचं पाळक सांगतात. तुमचं विचारतोय."

बायकोनं मान वळवली. पाळक पुढे उभे होते, ते हळूच खाली बसले. आता सांगितलं तर काम जाणार, ओळंबा हे नाव जाणार, आणि घरी ही बाई काय करील ते देवालाच ठाऊक. नाही सांगितलं, तर खोटं "नाही" म्हणून प्याला प्यायचा होता.

"माल पक्का होता," तो म्हणाला. "टेकू मी काढले. नवव्या दिवशी."

मेहुण्यानं पुढे केलेला प्याला मागे घेतला.

"तीन महिने," तो म्हणाला, "मी रोज गुडघे टेकून त्या मालाची माफी मागतोय. सिमेंट कमी पडलं असेल, पाणी जास्त झालं असेल. कोण मेलं असतं तर, म्हणून झोपेतून उठतोय. जे मी केलंच नव्हतं, त्याची."

हे ओळंब्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्याला वाटायचं, गेलं ते फक्त मेहुण्याचं काम.

"मला माफ कर."

"आज नाही जमणार, दाजी. खोटं कशाला बोलू?" मेहुण्यानं प्याला बाकावर ठेवला. "साहेबांना सांगितलं का?"

"उद्या सांगतो."

"साइट रविवारीही चालू असते," बायको म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा बाजूला सरकून तिनं वाट दिली.

साइट रस्त्यापलीकडेच होती. ओळंबा उठला. दारात त्याला मागून पावलं ऐकू आली.

"तू कशाला?"

"तुम्ही अर्धंच सांगाल," मेहुणा म्हणाला.

साहेब पत्र्याच्या खोलीत नकाशा पसरून बसले होते. त्यांनी वर पाहिलं. "आज सुट्टी ना तुमची?"

ओळंब्यानं टोपी काढली. मागे मेहुणा दाराला टेकून उभा राहिला.

"साहेब, तो छज्जा. टेकू मी काढले, नवव्या दिवशी, दुपारी. एकट्यानं." तो थांबला. मेहुणा खाकरला. "आणि तुम्ही याला घालवलंत, तेव्हा मी तिथंच उभा होतो."