कुंपणाच्या भिंतीवरून घेतलेली लेव्हल

लेव्हल बघायच्या पारदर्शक नळीतलं पाणी डुलायचं थांबेपर्यंत ती जागची हलली नाही. नळीचं एक टोक तिने दवाखान्यापाशी काठीला बांधलं होतं, दुसरं अंगणाच्या पार पलीकडे, गटारापाशी. दोन्हीकडे पाण्याच्या रेषेपासून जमिनीपर्यंत तिने टेप लावला. गटारापाशी तीन फूट. दवाखान्यापाशी तीन फूट चार इंच. परत मोजलं. तेवढंच.

म्हणजे दवाखान्याकडची जमीन चार इंच खाली होती. हवी होती दोन इंच वर. पाणी गटाराकडे जायला हवं होतं; नवऱ्याने ते दवाखान्याच्या दारात आणून सोडलं होतं.

तीन वाजले होते.

तो लोडरच्या केबिनमध्ये डोळे मिटून बसला होता. जागच्या जागी गरकन वळणारा हा छोटा लोडर तो बावीस वर्षं चालवत होता. साइटवर त्याला सगळे ओळंबा म्हणत. त्याला खुंट्या लागत नसत की दोरी. सीटवर बसल्याबसल्या जमिनीचा कल त्याच्या कमरेला कळायचा. दोन महिन्यांपूर्वी त्याचा डावा कान आतून सुजला. सूज गेली, पण जाताना तोल घेऊन गेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, मशीनवर बसायचं नाही. हे साइटवर फक्त तिला माहीत होतं. ती तिथेच खडी पसरायच्या कामावर होती. मुकादमाला एवढंच दिसत होतं की ओळंब्याचा हात बिघडलाय.

सकाळीच मुकादम त्याला सांगून गेला होता, "पाचला येतो. आज जमलं तर लोडर तुझा. नाही तर गेटवर खुर्ची टाकून देतो, येणाऱ्याजाणाऱ्याची नावं लिहीत बस."

"लेव्हल कशावरून घेतलीस?" तिने विचारलं.

"कुंपणाच्या भिंतीवरून. कंबर खोटं बोलते आता. म्हटलं, भिंत तरी खरं बोलेल."

तिने नळी भिंतीच्या एका थराला लावून पाहिली. जमिनीच्या जुन्या उतारानेच विटांचे थर चढवलेले होते. साठ फुटांत सहा इंचांचा फरक. नुसत्या डोळ्याला तो दिसणार नव्हता.

"भिंतच उतरती आहे."

"मग मघाशी तोंड शिवलं होतंस का?"

"मघाशी मी घमेली वाहत होते, महाराज."

एरवी तो हसला असता. त्याने केबिनच्या दांड्याला कपाळ टेकलं. "संपलं. मला गेटवर बसव."

"खुंट्या ठोकते. लाल खुणेपर्यंत भराव आण. बाकी कशाकडे बघू नकोस."

"खुंट्या? नवशिक्यासारख्या?"

"हो, नवशिक्यासारख्या. उतरून भांडायचंय की काम करायचंय?"

गटाराकडचा मुरूम आणि खडी उचलून तो दवाखान्याकडे टाकू लागला. ती पुढे उभी राहून हात दाखवायची: अजून, अजून, बस. प्रत्येक वळणानंतर तो थांबायचा, ओठ घट्ट मिटायचा, मगच निघायचा. दोनदा तो केबिनबाहेर तोंड काढून ओकला. तिने वर माती लोटली आणि हात दाखवला: अजून.

साडेचारला फक्त शेवटचा हात राहिला. बकेट जमिनीवर टेकवून लोडर उलटा ओढत न्यायचा, म्हणजे चाकांचे चर बुजतात. तेवढ्यात भिंतीजवळची एक खुंटी कलली. ती सरळ करायला ती लोडरच्या मागे गेली, त्याने पाहिलं असेल असं समजून. खाली वाकून तिने खुंटीवर दगड मारला. तिसऱ्या ठोक्याला सावली अंगावर आली. मागे भिंत होती. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. चाक खुंटी मोडून तिच्या पायापासून वीतभर अंतरावर थांबलं.

ती भिंतीच्या कडेने सरकत बाहेर आली. मग मोडकी खुंटी उपटून तिने खड्डा पायाने बुजवला.

पाचला मुकादमाने स्वतः नळी लावली, स्वतः मोजलं. दवाखान्याकडे दोन इंच वर. "वा रे ओळंब्या! उगाच घाबरवलंस मला. सोमवारपासून शाळेच्या मैदानावर जा. पोरं असतात तिथे, जरा सांभाळून." आणि तो फाटकाकडे चालू लागला.

ती केबिनपाशी आली. "वेळेवर थांबवलंस," ती म्हणाली. "एवढं कळतंय म्हणजे चालवशील तू. हळूहळू."



"मी नाही थांबवलं."

"म्हणजे?"

"मागे बघायला मान वळवली आणि सगळं फिरलं. मी सीटवरून कललो. सीटवर वजन नसलं की हे आपोआप बंद पडतं." त्याने तिचं मनगट धरलं. "तू मागे होतीस हे मला माहीतच नव्हतं गं. कोणाला सांगू नकोस. पाया पडतो तुझ्या."

मुकादम फाटकापाशी पोचला होता. तिने मनगट सोडवून घेतलं. ते सोडवायला तिला दुसऱ्या हाताने त्याची बोटं एकेक करून उचलावी लागली.

"मुकादम," तिने हाक मारली. आवाज फाटकापर्यंत पोचला नाही. ती त्या सपाट जमिनीवरून धावत सुटली.