‘भिंग’बद्दल लोकांचं म्हणणं

आत्याने रेकॉर्ड काढली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. ती चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात कामाला होती. कारखाना म्हणजे तरी काय, एका दुकानामागची लांबट खोली, चार मशिनं आणि सगळ्यावर बसलेली पांढरी भुकटी. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा तिच्या भुवयासुद्धा पांढऱ्या असायच्या. दिवसभर घासायच्या चाकाचा आवाज ऐकून ऐकून तिला त्यात सूर सापडायला लागले होते. काच जाड असली की खालचा, पातळ होत आली की वरचा. जेवताना मध्येच थांबून ती एखादा सूर लावायची आणि म्हणायची, "हा वजा तीन नंबरच्या काचेचा."

दोन वर्षं दर रविवारी ती मालकांकडून किल्ली मागून घ्यायची आणि त्या खोलीत गाणी रेकॉर्ड करायची. मशीन चालू, त्यावर तिचा गळा, त्यावर पुन्हा तिचाच गळा, कधी उलटा फिरवलेला. एका लहानशा कंपनीने तिची आठ गाणी घेतली आणि तीनशे तबकड्या काढल्या. रेकॉर्डचं नाव ‘भिंग’. कव्हरवर आत्याचा एकच डोळा होता, भिंगामागून बशीएवढा झालेला. माझ्या आईने तो बघितला आणि कव्हर पालथं घालून ठेवलं.

रेकॉर्ड घरी आली त्या दुपारी पुढच्या खोलीत अकरा माणसं जमली होती. काका, काकू, शेजारच्या शिवणाऱ्या बाई, आत्याच्या कारखान्याचे मालक. आत्याने इस्त्रीचा निळा झगा घातला होता. तिने सुई ठेवली आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. बसायला जागा होती तरी बसली नाही.

पहिलं गाणं सुरू झालं. घुर्र असा आवाज, मग आत्याचा एकच लांबच लांब सूर.

काकूने हळूच विचारलं, "सुई अडकली का गं?"

"नाही. असंच आहे ते," आत्या म्हणाली.

दुसऱ्या गाण्याच्या अर्ध्यात शिवणाऱ्या बाई म्हणाल्या, "छान आहे हो. पण गाणं सुरू कधी होणार?" कारखान्याचे मालक तेवढे खूश होते. ते सारखे म्हणत होते, "हे आपलं दोन नंबरचं मशीन! ओळखलं मी!"

माझे बाबा म्हणजे आत्याचे थोरले भाऊ. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. बराच वेळ ते मान खाली घालून ऐकत होते, मग म्हणाले, "लिफ्टची मोटार जळायच्या आधी असाच आवाज येतो." सगळे खो खो हसले. आत्याही हसली, पण तिचे कान लाल झाले होते.

आणि मग तिसरं गाणं आलं. त्याचं नाव होतं ‘दुपार’. चाकाचा आवाज हळूहळू चढत गेला, आत्याचा गळाही त्याच्यासोबत वर वर गेला, आणि अगदी टोकाला पोचतोय तोच एका पुरुषाचा आवाज आला, "झालं का तुझं? आई वाट बघतेय."

बाबांचा आवाज. दार ढकलल्याचा आवाजसुद्धा होता. रेकॉर्डिंग चालू असताना ते एकदा आत्याला बोलवायला गेले होते, आणि ते सगळं तसंच्या तसं तबकडीत उतरलं होतं.

खोलीत हशा पिकला. काका तर मांडीवर थाप मारून म्हणाले, "घ्या! साहेब गवई झाले!" बाबा उठले. आत्याकडे बघून एवढंच म्हणाले, "माझी थट्टा करायला दुसरी जागा नव्हती?" आणि चपला घालून निघून गेले.

पुढची पाच गाणी कुणी धड ऐकली नाहीत. काकूने चहाची भांडी गोळा करायला घेतली. मी टेबलाखाली बसून शेवटपर्यंत ऐकलं, पण मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

पेपरात दोन ओळी आल्या. परीक्षण लिहिणाऱ्या गृहस्थांनी म्हटलं होतं, ‘हे गाणं आहे की कारखाना, ते बाईंनी एकदा ठरवून टाकावं.’ आत्याने ते कात्रण कारखान्यात दोन नंबरच्या मशीनवर चिकटवलं. तिने पुन्हा रेकॉर्ड काढली नाही. उरलेल्या तबकड्या आधी तिच्या पलंगाखाली होत्या, मग कुठे गेल्या ते कुणी विचारलं नाही.

बाबा तिच्याशी आठ महिने बोलले नाहीत. समोरासमोर बसून जेवायचे, पण मीठ हवं असलं तरी माझ्याकरवी मागायचे. मग त्यांना जवळचं दिसेना. हट्टाने ते दुसऱ्याच दुकानातून चष्मा करून आले. त्या चष्म्याने त्यांचं डोकं ठणकायला लागलं. पंधरा दिवस कळ काढली आणि एका सकाळी त्यांनी तो चष्मा आत्याच्या ताटाशेजारी ठेवला. "हे जरा बघ," म्हणाले. आत्याने काच उजेडात धरली, म्हणाली, "कुठल्या गाढवाने घासलंय हे?" संध्याकाळी तिने नव्या काचा आणल्या. बाबांनी चष्मा चढवला, पेपर उघडला आणि म्हणाले, "हं." भांडण संपलं ते एवढ्यावर. रेकॉर्डचा विषय मात्र त्या दोघांत पुन्हा कधी निघाला नाही.

बाबांना जाऊन आता सहा वर्षं झाली. आत्या त्र्याहत्तरची आहे, एकटी राहते. आयुष्यभर लोकांना दृष्टी पुरवली आणि आता तिलाच अक्षरं दिसत नाहीत. हे ती स्वतःच सांगते, वर हसते.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीचा फोन आला. ती शिकायला दुसऱ्या गावी असते. "आई, आत्याआजीने कधी गाणी म्हटली होती का?"

"म्हटली होती. का गं?"

"अगं, नेटवर आहेत! ‘उलटी टेप’ नावाच्या कुणालातरी भंगारात रेकॉर्ड मिळाली. त्याने अख्खी चढवलीय. खाली चारशे लोकांनी लिहिलंय. कौतुक काय, भांडणं काय! तू वाच तरी."

मी वाचलं. मग सगळं ठळक अक्षरात छापून घेतलं, मोठा गठ्ठा झाला, आणि शनिवारी दुपारी आत्याकडे गेले. ठळक अक्षरंही तिला लागेनात. शेवटी मीच वाचायला बसले. ती पाय वर घेऊन खिडकीपाशी बसली.

"‘ओला टॉवेल’ म्हणतो..."

"कोण?"

"नाव आहे गं ते. खरी नावं घेत नाहीत तिथे. तो म्हणतो, ‘असं काही मी जन्मात ऐकलं नव्हतं. ही बाई काळाच्या चाळीस वर्षं पुढे होती.’"

"पुढे कसली, मी रोज वेळेवर जायचे," आत्या म्हणाली. "पुढचं वाच."

"‘दोन मिनिटांत बंद केलं. दाताच्या डॉक्टरकडे गेल्यासारखं वाटलं.’"

"हा खरं बोलतोय. पाचव्या गाण्यात तसं होतं."

"‘प्रायोगिक आर्ट-पॉपचा हा हरवलेला खजिना आहे.’"

"पॉप म्हणतात होय याला?" ती खूशही झाली आणि थोडी चिडलीही. "मला कुणी सांगितलं नाही कधी."

एकाला आठव्या गाण्यात समुद्र ऐकू आला होता. आत्या म्हणाली, तो नळ होता, मालकांनी वॉशर बदलला नव्हता. एका बाईंनी लिहिलं होतं की त्यांचं तान्हं मूल फक्त सहाव्या गाण्यावर झोपतं. हे आत्याने मला तीनदा वाचायला लावलं.

मग तिसऱ्या गाण्याची पानं आली. मी दोन पानं हळूच खाली सरकवली. पण तिचे डोळे गेले असले तरी कान शाबूत आहेत.

"काय लपवतेस, ठमे?"

"बाबांच्या आवाजाबद्दल आहे."

"मग तर आधी वाच."

मी वाचलं. त्या एका वाक्यावरून लोक हमरीतुमरीवर आले होते. कुणी म्हणत होतं, तो पैसे देऊन आणलेला नट आहे. कुणाला तो मृत्यू वाटला होता. ‘तिसरा मजला’ नावाच्या एकाने तर निबंधच लिहिला होता: हा घरातला जुलमी पुरुष आहे, तो बाईचं गाणं अर्ध्यात तोडतो, आणि कलाकाराने त्याला जगासमोर उघडं पाडलं आहे.

आत्याने पाय खाली घेतले. "काय म्हणाला? जुलमी?"

"जाऊ दे गं, त्यांना काय माहीत."

"माहीत नाही तर लिहितात कशाला? त्या खोलीत वीज धड नव्हती. सगळ्या वायरी दादाने ओढून दिल्या. टेपचं धूड तर एवढं होतं, दर रविवारी खांद्यावर घेऊन यायचा आणि ठेवून जायचा. थांबायचा नाही, म्हणायचा, मला त्यातलं कळत नाही, तुझं चालू दे. त्या दिवशी आईला डॉक्टरकडे न्यायचं होतं. मी वेळ विसरले होते. तो दोनदा दाराबाहेर येऊन परत गेला होता, गाणं मोडू नये म्हणून. तिसऱ्यांदा आत आला."

हे मला नवीन होतं.

"मग ते वाक्य ठेवलंस कशाला? पुन्हा गायलं नाहीस?"

"गायले की. पुढच्या रविवारी. स्वच्छ, एक चूक नाही." तिने खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं. "दोन्ही ऐकून बघितली. दुसरं ऐकलं आणि वाटलं, छान आहे, पण कुणाचंही असेल हे. पहिल्यात मी वर वर चाललेय, आणि कुणीतरी मला घरी बोलावतंय. मला वाटलं, ऐकल्यावर दादाला आवडेल. आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून आधी सांगितलं नाही. तेच चुकलं माझं. सगळ्यांसमोर हसं झालं त्याचं."

"नंतर सांगायचंस."

"दोनदा सांगायला गेले. तो उठून गेला. मग चष्मा घेऊन आला, तेव्हा म्हटलं, आता कशाला उकरा."

तेव्हा मी तिला एक गोष्ट सांगितली. शाळा सुटल्यावर मी कधी कधी बाबांच्या कामावर जायचे. ते लिफ्टच्या छतावर बसून तारांना वंगण लावायचे आणि तोंडाने काहीतरी गुणगुणायचे. पुढे दाढी करतानाही तेच. वर वर चढत जाणारे पाच सूर. ते ‘दुपार’चे सूर आहेत हे मला आदल्या आठवड्यात नेटवर ऐकल्यावर कळलं होतं. इतकी वर्षं मला ते बाबांचंच काहीतरी वाटत होतं.

आत्याने पाय पुन्हा वर घेतले. मग तिने विचारलं, "पाचवा लागायचा का त्याला?"

"नाही. तिथे पोचले की खोकायचे."

"लागणारच नाही. तो मशीनच्या सुराला धरून लावला होता मी, माणसाचा नाही तो." ती हसत होती आणि पदर शोधावा तसा हातरुमाल शोधत होती.

मग तिने मला उत्तर लिहायला लावलं. मी फोनवर टाइप करत गेले, ती सांगत गेली. ‘तो आवाज माझ्या भावाचा आहे. तो जुलमी नव्हता. त्याच्यामुळे माझ्या गाण्याला वीज मिळाली. आईला उशीर होत होता, म्हणून त्याने हाक मारली. बाकी ज्यांना आवडलं नाही त्यांचंही बरोबर आहे. पाचवं गाणं मलाही सहन होत नाही.’ खाली तिने आपली ओळख घालायला सांगितली, ‘काचा घासणारी’.

दोन दिवसांत त्याखाली शंभर उत्तरं आली. ‘तिसरा मजला’ने माफी मागितली. त्याने लिहिलं होतं, त्याला थोरली बहीण आहे आणि तिला फोन करून त्याला वर्ष झालंय. ‘उलटी टेप’ने विचारलं, दुसरं गाणंही आहे का, ते स्वच्छवालं? आत्या म्हणाली, सांग त्याला, ते मी पुसलं.

आता मी दर शनिवारी जाते. नवीन काही आलं असलं की वाचून दाखवते, ती उत्तरं सांगते. एका छोट्या कंपनीला रेकॉर्ड पुन्हा काढायची आहे. आत्याने एकच अट घातली, गाणाऱ्यांच्या यादीत भावाचं नावही हवं, आणि आपल्या नावाच्या वर, कारण तो थोरला.

परवा वाचून झाल्यावर मी कागद आवरत होते, तेव्हा ती म्हणाली, "चारशे लोकांचं ऐकलं. त्या दिवशी टेबलाखाली कोण बसलं होतं, मला दिसत होतं. तुला रेकॉर्ड कशी वाटली होती गं?"

मी खरं ते सांगितलं. चौथ्या गाण्याला मला भीती वाटली होती, आणि तरी ते संपू नये असंही वाटत होतं.

"मग तेव्हाच बोलायचं की," आत्या म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला. "चौथं लाव. या डबड्यातून खालचे सूर येत नाहीत, ते मी गाते."