मागचे पाय

ओनुईने चित्र कारखान्याच्या जमिनीवर पसरलं आणि घोड्याच्या मागच्या पायांवर बोट ठेवलं.

"हे माझ्या नवऱ्याचे पाय नाहीत, दादा."

छापायची चित्रं लाकडी फळीवर कोरणाऱ्या कान्झोला हसू येणार होतं. पण तिचा नवरा नुकताच गेल्याचं त्याच्या कानावर आलं होतं, म्हणून त्याने ते आवरलं.

तिचा नवरा तोमेजी जन्मभर काबुकी नाटकांच्या रंगमंचावर कापडी घोड्याचे मागचे पाय झाला. वर नट मिरवायचा, आत हा वाकलेला. मोठा नट मेला की संध्याकाळपर्यंत एदो शहरातल्या दुकानांत त्याचं शेवटचं चित्र लागायचं. मागच्या पायांचं चित्र कोण काढणार? पण एकदा तोमेजी फार खुशीत घरी आला होता. म्हणाला, चित्रकार पडद्याआड बसून माझ्या पायांचं चित्र काढून गेला, डावा गुडघा आत वळतो तोसुद्धा. तेव्हा ओनुईने त्याला उडवून लावलं होतं. आता देव्हाऱ्यात ठेवायला तिने तेच चित्र विकत आणलं, तर त्यात चांगला धडधाकट घोडा.

चित्रकाराच्या हातचा मूळ कागद तरी बघायला मिळेल का, एवढंच तिला विचारायचं होतं. कान्झोने सांगितलं, तो कागद फळीवर उलटा चिकटवतात आणि त्याच्यासकट कोरतात. मागे काही उरत नाही.

"मग थापच म्हणायची." ती चित्र गुंडाळू लागली. "प्यायला की थापा मारायचाच. ही एक तरी खरी असेल असं वाटलं होतं."

तो कागद कान्झोला चांगला आठवत होता. घोड्याचे गुडघे माणसासारखे पुढे वाकलेले. या चित्रकाराने जन्मात घोडा पाहिला नाही, असं म्हणून तो पोट धरून हसला होता आणि कोरताना त्याने ते पाय दुरुस्त केले होते. मालकाने पाठ थोपटली, तेव्हा गल्लीभर सांगत फिरला होता.

"थाप नव्हती," तो म्हणाला. "चित्रकाराने तसेच काढले होते. मला वाटलं, चुकलं. मी घोड्याचे केले."

ती चार शब्द बोलेल म्हणून तो मान खाली घालून बसला. ती गुंडाळी मांडीवर धरून नुसती रडत राहिली.

कान्झोने पटाशी खाली ठेवली. तो उठला, पाठीवर कुणी बसल्यासारखा कमरेत वाकला आणि त्याने डावा गुडघा आत वळवला. म्हातारा पाय लटपटत होता.

ओनुईने डोळे पुसले आणि नीट निरखून पाहिलं.

"अजून थोडा आत," ती म्हणाली.