चिन्मयीच्या अक्षरातला सोस

प्रमोदिनीबाई फाल्गुनात गेल्या, पण त्यांचं कण्हणं जबलपुरातल्या चेरीतालच्या घरातच राहिलं.

रोज दुपारी चारच्या सुमारास ते मागच्या खोलीतून यायचं. मोठ्यानं नाही. जिवंतपणीही बाई कधी मोठ्यानं कण्हल्या नव्हत्या; शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून तोंडाशी पदर धरायच्या. एक बारीकसा 'अं', मग जरा थांबून पुन्हा 'अं', जणू काही वर्गाची हजेरी घेताहेत. पहिल्या दिवशी प्रतिमा चहाचं आधण टाकून लगबगीनं मागे गेलीसुद्धा. पलंगावर गुंडाळलेली गादी होती. सासू गेल्यावरही सून हाकेला धावते, काय पण वळण लागलंय, असं म्हणून ती स्वतःशीच हसली. दुसऱ्या दिवशी हसली नाही.

नवऱ्याला, श्रीपादला, तिनं यातलं काही सांगितलं नाही. तो सकाळी फॅक्टरीत जायचा, साडेपाचला यायचा, जेवायचा, आईच्या फोटोकडे न बघता झोपायचा. आधीच मुका माणूस, आता कुलूपच लागलं होतं.

महिनाभरानं हॉस्पिटलमधून सत्यवती सिस्टरचा फोन आला. दुखण्याच्या विभागातली ही जुनी नर्स. "बहनजी, अम्मा की जो गोलियां बची हों, जमा करा दीजिए. वो घर में रखने की चीज नहीं है."

म्हणून प्रतिमानं सासूबाईंचं कपाट उघडलं. नऊवारींच्या मागे बिस्किटांचा एक चपटा डबा होता. त्यात छोट्या पांढऱ्या गोळ्यांची तीन पाकिटं, रबर लावून ठेवलेली. तिन्ही अखंड. एकाही गोळीचा कागद फुटलेला नव्हता. आणि रबराखाली लेकीच्या, चिन्मयीच्या हातची चिठ्ठी.

चिन्मयी नोकरीसाठी हैदराबादला असते. जानेवारीत आजीसाठी आठ दिवस आली, तेव्हा डॉक्टरांचा इंग्रजी कागद समोर ठेवून तिनं आजीला मोठ्या अक्षरात औषधांची चिठ्ठी करून दिली होती. आजी चौथी शिकलेली, आपलं औषध आपण वाचून घ्यायचा तिला मोठा अभिमान. नात कॉन्व्हेंटमधली, मराठी कानानं समजणारी, हातानं हिंदी लिहिणारी. चिठ्ठीत लिहिलं होतं: 'मोठी गुलाबी, सुबह १, रात्री १. पातळ औषध, झोपताना दोन चमचे. छोटी पांढरी, सोस.'

प्रतिमानं ते दोनदा वाचलं. मग खाली बसली.

डॉक्टरांच्या कागदावर छोट्या गोळीपुढे इंग्रजीत SOS ही तीन अक्षरं होती. म्हणजे गरज पडली तर. पोरीनं ती जशीच्या तशी देवनागरीत उतरवली. तिच्या लेखी तो शब्दच नव्हता. पण आजीच्या लेखी होता. मराठीत बायकांना हा शब्द दोन्हीकडून भेटतो. सासूनं सुनेला म्हटलं, सोस, तर तो उपदेश. सुनेला कशाची हौस फार झाली, तर तिला साड्यांचा सोस, फिरायचा सोस, म्हणून नावं ठेवायची. प्रमोदिनीबाईंनी जन्मभर पहिला अर्थ पाळला. छोटी पांढरी गोळी, तिच्यापुढे 'सोस'. म्हणजे ही गोळी आहे हाताशी, पण तू सोस.

आणि त्यांनी सोसलं. शेवटचे एकोणचाळीस दिवस.

आता एकेक आठवायला लागलं. "आई, ती छोटी गोळी घेता न मधून?" असं प्रतिमानं विचारलं होतं. "काहून विचारतेस? डॉक्टरनं लिहिलं तसंच चालून राहिलं," असं उत्तर आलं होतं. एकदा तर पोटात कळ उठून चेहरा घामानं निथळत असताना बाई म्हणाल्या, "डॉक्टरीण मोठी समजदार आहे बाप्पा. बाकीचे नुसत्या गोळ्या लिहितात. हिनं खरं लिहिलं." काय खरं लिहिलं, हे प्रतिमानं विचारलं नव्हतं. तिला वाटलं, दुखण्यात माणूस काहीबाही बोलतो.

खरं तर विचारायचंच नव्हतं. डॉक्टरांनी मॉर्फिन म्हटलं तेव्हा श्रीपादचा चेहरा उतरला होता. "म्हणजे अफूच न?" डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं होतं. अशा दुखण्यात मापानं दिली तर भ्यायचं काम नाही. मोठी गोळी दिवसभराचं दुखणं धरून ठेवते. मधेच कळ उठली तर छोटी द्यायची. पण बाहेर व्हरांड्यात येऊन तो म्हणाला होता, "आईला या वयात आदत नको लागायला." वय एकोणऐंशी, गाठ यकृतापर्यंत गेलेली. आदत लागायलासुद्धा थोडं आयुष्य शिल्लक लागतं, असं प्रतिमाच्या मनात आलं होतं. ती बोलली नव्हती.

पाकिटं मांडीवर घेऊन ती बसली होती, तेवढ्यात चार वाजले. अं.

आईंना उचलून-बसवून तिची कंबर धरली होती, हे खोटं नव्हतं. कंबरेसाठी, असं मनाशी म्हणून तिनं अर्धी गोळी घेतली. अर्ध्या तासानं कुणीतरी उन्हात वाळवलेली ऊबदार दुलई तिच्यावर आतून पांघरली. खोली होती, पलंग होता, गादी होती. फक्त कण्हणं नव्हतं. कंबरही दुखायची थांबली होती, हे तिच्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.

सिस्टरचा परत फोन आला. "मिली नहीं सिस्टर, ढूंढ के बताती हूं," प्रतिमा म्हणाली. आपण किती सहज खोटं बोललो, याचंच तिला नवल वाटलं.

अर्धीची एक झाली, एकाच्या दोन. नाक खाजायचं, पोट साफ व्हायचं नाही, भाजी फोडणीला टाकून ती ओट्याशी उभ्याउभ्या पेंगायची. श्रीपाद म्हणाला, "थकून राहिलीस फार." तिनं मान हलवली. एकदा घाबरून तिनं दिवसभर गोळी घेतली नाही, तर जांभयांवर जांभया, नाक वाहायला लागलं, वैशाखातल्या जबलपूरच्या उन्हात अंगावर काटा आला. आणि कण्हणं सकाळी अकरालाच सुरू झालं, तेही मागच्या खोलीतून नाही, देवघरातून. आई वेळ पाळेनाशा झाल्या होत्या. संध्याकाळपर्यंत तिनं तीन गोळ्या घेतल्या.

कुणाला सांगायचं तर गोळ्या कुठून आल्या हे सांगावं लागणार. ते सांगितलं की चिठ्ठी निघणार. चिन्मयीला कळणार, की आपल्या दोन अक्षरांनी आजीचं काय केलं. पोर हैदराबादच्या त्या खोलीत एकटी असते. हे कण्हणं तिच्याकडे धाडायचं? त्यापेक्षा आपण गोळी घेतलेली बरी. प्रतिमानं चिठ्ठी फाडली नाही, तिला ती फाडवलीच नाही. डाळीच्या डब्यात तळाशी घातली.

तिसऱ्या पाकिटातल्या आठ गोळ्या उरल्या तेव्हा तो शुक्रवार उजाडला. नाक वाहत होतं म्हणून तिनं सर्दीची एक झोपाळू गोळी घेतली आणि वरून या तीन.

साडेपाचला श्रीपादनं बेल वाजवली. परत वाजवली. आतून कडी होती. शेवटी शेजारच्या गौतमच्या गच्चीवरून उतरून तो आत आला. प्रतिमा आईच्या खुर्चीत ताठ बसली होती, डोळे अर्धे उघडे, ओठ निळसर. श्वास इतका सावकाश, की त्यानं नाकापुढे बोटं धरली आणि पुढच्या श्वासाची वाट बघत राहिला. आला. मग त्यानं तिला गदागदा हलवलं, गौतमला हाक मारली, आणि खुर्चीखाली पडलेलं पाकीट खिशात टाकून दोघांनी तिला गाडीत घातलं.

आईच्याच हॉस्पिटलात इंजेक्शन दिलं, तिला शुद्ध आली, रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी सत्यवती सिस्टर खाटेशी उभी. "तो मिल गईं गोलियां," ती म्हणाली.

प्रतिमानं तोंड फिरवलं.

"शरम की बात बाद में करेंगे, दीदी. पहले सुनो." सिस्टरनं स्टूल ओढलं. "गोली बुरी नहीं है. मैंने इसी से लोगों को महीनों बाद बैठ के खाना खाते देखा है. अम्मा को चाहिए थी. आपको जो दर्द है न, वो इसके खाते का नहीं है. और सर्दी-नींद की गोली के साथ तो ये सांस ही भुला देती है."

"बंद कर देती हूं. आज से."

"एकदम बंद करोगी तो शरीर रोएगा, और तुम फिर ढूंढोगी. डॉक्टर धीरे-धीरे कम कराएंगी. गोली भैया के हाथ में रहेगी, आपके नहीं. हर शनिवार आना है." मग श्रीपादकडे बघून म्हणाली, "और भैया, ताला लगा के रखना. इन पर भरोसा है, फिर भी ताला."

रविवारी दोघं घरी होती. श्रीपादनं गोळ्यांची डबी लोखंडी पेटीत ठेवली, किल्ली जानव्याला बांधली, आणि बराच वेळ किल्लीशी चाळा करत बसला.

"आईनं एकही घेतली नव्हती," तो म्हणाला. हा प्रश्न नव्हता.

"त्यांना नको होत्या," प्रतिमा म्हणाली. हे तिनं खाटेवर पडल्या पडल्या ठरवून ठेवलं होतं.

"चिठ्ठी कुठं आहे?"

प्रतिमाची नजर स्वयंपाकघराकडे, डाळीच्या डब्याकडे गेली.

"प्रतिमा, मीच वाचून दाखवली होती." तो जमिनीकडे बघत होता. "तिचा चष्मा सापडून नव्हता राहिला. चिनू गेली त्याच दिवशी. आई म्हणाली, शिरू, छोटीपुढे काय लिहिलंय रे? मी म्हटलं, सोस. ती म्हणाली, अच्छा. आणि बिस्किटांचा डबा मागितला."

"तुम्हाला माहीत होतं? त्याचा अर्थ?"

"डॉक्टर बोलली तेव्हा तिथंच तर होतो. मी म्हणणारच होतो, की आई, तसं नाही ते. मग वाटलं, तिनंच ठरवलं तर ठरवू दे. आदत तरी नाही लागणार." त्यानं डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच गालावरून शर्टावर गेलं. "एक वाक्य होतं ग. नाही बोललो."

प्रतिमाला राग यायला हवा होता. महिना-दीड महिना ती लेकीची चूक लपवत मरायला टेकली होती, आणि चूक लेकीची नव्हतीच; होती ती त्यांची दोघांची, एकानं न बोलल्याची आणि दुसरीनं न विचारल्याची. राग आला नाही. तिनं हळूच विचारलं, "तुम्हाला ऐकू येतं का काही? चारला?"

"चारला मी फॅक्टरीत असतो, मशीन चालू असतात." त्यानं किल्ली मुठीत धरली. "रविवारी येतं."

साडेतीनला चिन्मयीचा फोन आला. श्रीपादनं तिला हॉस्पिटलचं आणि गोळ्यांचं कळवलं होतं. प्रतिमानं स्पीकर लावला.

"मम्मी, तू अभी ठीक आहे न? मी तिकीट काढून राहिली." मग म्हणाली, "पर आजीच्या गोळ्या इतक्या कशा बचल्या? तिनं घेतल्या नाही? मी तर पूरा लिहून दिलं होतं."

श्रीपादनं मान वर केली. प्रतिमानं हातानंच त्याला थांबवलं.

"तू बरोबर लिहिलं होतंस बेटा," ती म्हणाली. "आम्हीच दिल्या नाहीत. भीती वाटली आम्हाला."

पलीकडून आलं, "काहून मम्मी? आजीला किती दुखत होतं." तिचा आवाज चिरका झाला. "मला सांगायचं न. मी फोनवर ओरडली असती तुमच्यावर."

"ओरड आता," प्रतिमा म्हणाली. "ये, आणि समोर बसून ओरड."

फोन ठेवल्यावर श्रीपादनं पेटी उघडली, त्या दिवसाची ठरलेली अर्धी गोळी तिच्या तळहातावर ठेवली, पाण्याचा पेला दिला आणि पेटीला कुलूप लावलं. अर्धीनं दुलई काही आली नाही. उघड्या अंगावरून वारा गेल्यासारखं वाटत राहिलं.

चार वाजले. ऐकू येतंय का, असं श्रीपादनं डोळ्यांनीच विचारलं. तिनं मान हलवली.

"मलाही," तो म्हणाला.

आवाज बुडवायला टीव्ही लावावा म्हणून कुणी उठलं नाही. प्रतिमानं मागच्या खोलीचं दार उघडलं, गुंडाळलेली गादी पलंगावर पसरली, आणि दोघं तिच्या दोन कडांना बसून राहिली.